मुलांची राखण आणि कायदा

गेल्या पौषातली गोष्ट आहे. आमच्या गावच्या शनिवारच्या बाजारात कांद्यांच्या पोत्यांशेजारी एक चारेक वर्षांची मुलगी एकटीच बसलेली आम्हांस दिसली. हातात अर्धवट चोखलेली रेवडी, गालांवर धुळीचे ओघळ, आणि आजूबाजूस तिचे म्हणावे असे कोणी नाही. नाव विचारले तर ती सांगेना, आईचे विचारले तर रडू लागली. पाहता पाहता पंधरावीस माणसे जमली. कोणी म्हणाले, पोलिसांना कळवा. कोणी म्हणाले, टाकून दिलेली दिसते, आमच्या घरी नेतो. एका उत्साही तरुणाने फोन काढून तिची छबी टिपली आणि खाली आपल्या मनानेच चार ओळी जोडून ती गावभर रवाना केली. मुलीला पाणी मात्र दिले ते कांदे विकणाऱ्या म्हातारीने.

पंचवीस मिनिटांनी आई धावत आली. ती सरकारी दवाखान्यात औषधाच्या रांगेत उभी होती. मुलीला तिने नऊ वर्षांच्या भावाच्या हवाली केले होते, आणि हे भाऊराव कर्णा लावून चादरी विकणाऱ्यापुढे तोंड उघडे टाकून उभे राहिले होते. "नंबर गेला असता तर पुन्हा सोमवार उजाडला असता, दादा," एवढेच ती म्हणाली. त्यावर जमलेल्यांपैकी एक सद्गृहस्थ कडाडले, "तुझ्यासारखीला आत टाकलं पाहिजे. कायदा आहे आता!" बाईने आमच्या चष्म्याकडे पाहिले आणि विचारले, "खरंच का हो, काका?"

आमचे उभे आयुष्य कोर्टकचेरीत गेले. तरीही त्या बाईला एका वाक्यात उत्तर देणे आम्हांस जमले नाही. "तसं काही नाही, बाई, जा तू," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पुढे घरी येऊन पुस्तके उघडली आणि जे सापडले ते या व्याख्यानाच्या निमित्ताने मांडीत आहोत.

प्रथम फौजदारी कायद्याचे पाहू, कारण 'आत टाकण्या'चा संबंध त्याच्याशी. १८६० साली तयार झालेल्या आणि १८६२ पासून अंमलात आलेल्या भारतीय दंड विधानात ३१७ क्रमांकाचे एक कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्या विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि तेच कलम आता तिच्यात ९३ व्या क्रमांकावर जवळजवळ जसेच्या तसे आहे. बारा वर्षांखालील मुलाचा बाप, आई किंवा ज्याच्याकडे त्याचा सांभाळ आहे असा कोणीही, त्या मुलास सर्वस्वी टाकून देण्याच्या उद्देशाने कुठेही उघड्यावर सोडील, तर त्यास सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सोडल्यामुळे मूल दगावले तर याखेरीज खुनाचा किंवा सदोष मनुष्यवधाचाही खटला होऊ शकतो.

या वाक्यातले 'सर्वस्वी' हे पद नीट ध्यानात ठेवले पाहिजे. सारे कलम त्या एका पदावर तोललेले आहे. देवळाच्या पायरीवर तान्हे मूल ठेवून पहाटेच्या गाडीने निघून जाणे हे या कलमात बसते. तासाभरात परत येण्याच्या बोलीने मुलास कोठे बसवून जाणे हे बसत नाही, मग ते कितीही अविचाराचे असो. परत येण्याचा बेत असेल तर टाकून देण्याचा उद्देश नाही, आणि उद्देश नाही तर हा गुन्हा नाही.

हे कलम असे का घडले याचे कारण त्या काळात आहे. एकोणिसाव्या शतकात ज्या अर्भकांचा प्रश्न सरकारपुढे आणि समाजापुढे उभा होता ती बाजारात चुकलेली मुले नव्हती. ती प्रामुख्याने विधवांच्या पोटी आलेली आणि जन्मतःच नकोशी ठरलेली मुले होती. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याने मुभा मिळाली खरी, पण घराघरांतून ती मुभा पोचली नव्हती. म्हणून तर १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. जिला लोकलज्जेस्तव मूल मारण्याखेरीज वाट नाही तिने गुपचूप येऊन बाळंत व्हावे, वाटल्यास मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. अशाच एका आईचा मुलगा, यशवंत, त्यांनी पुढे दत्तक घेतला. दंड विधान अंमलात येऊन जेमतेम वर्ष होत होते. सरकार त्या बाईस शिक्षा देऊ पाहत होते, फुले दांपत्य तिला दार उघडून देत होते. मूल वाचवायला यांपैकी काय अधिक उपयोगी पडले असेल, याविषयी आम्हांस तरी शंका नाही.

पुढे कायद्यालाही ते दार उमगले. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ३५ व्या कलमाने आईबापांस आपले मूल रीतसर सोपवून देता येते. शारीरिक, मानसिक वा सामाजिक कारणांनी, जी आपल्या आवाक्यातली नाहीत अशा कारणांनी, मूल सांभाळणे अशक्य झाले असेल तर बाल कल्याण समितीपुढे यावे. समिती चौकशी करते, समजावते, आणि तरीही निर्णय तोच राहिला तर फेरविचारास दोन महिने देते. आजही पायरीवर किंवा कचराकुंडीशेजारी तान्ही मुले सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या आयांपैकी किती जणींना हे कलम ठाऊक असते?

आता बाजारातल्या बाईकडे परत येऊ. टाकून देण्याचा गुन्हा तिच्यावर लागत नाही हे उघड झाले. पण त्या सद्गृहस्थांच्या मनात बहुधा दुसरा कायदा असावा. तो याच २०१५ च्या अधिनियमातल्या ७५ व्या कलमात आहे, आणि त्याचे जाळे पुष्कळच रुंद आहे. अठरा वर्षांखालील कोणतेही मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणाखाली आहे, त्याने मुलास विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव आहे अशा रीतीने मारहाण केली, टाकून दिले, उघड्यावर सोडले किंवा बुद्धिपुरस्सर त्याची हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. अशा क्रूरतेने मूल कायमचे पंगू झाले किंवा त्याच्या जिवावर बेतले तर शिक्षा तीन ते दहा वर्षे सक्तमजुरीपर्यंत जाते.

कलम 'आईबाप' म्हणत नाही, 'ज्याच्या ताब्यात' म्हणतो. तेव्हा आजी, शेजारीण, शिकवणीचे मास्तर, शाळेच्या गाडीचा चालक, हे सारे त्यात येतात. मूल ज्याच्या हाती सोपवले त्याच्याकडे त्या घटकेपुरती राखणही जाते. (पगार घेऊन मूल सांभाळायचे कबूल करून ऐन वेळी त्यास वाऱ्यावर सोडणाऱ्या माणसासाठी तर दंड विधानात जुने वेगळे कलम होते. त्याचा दंड दोनशे रुपये होता, तो नव्या संहितेत पाच हजार झाला आहे.) परंतु सोपवायचे ते कोणाकडे, याचाही विचार हवा. सात वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडूच शकत नाही आणि सात ते बारा या वयात त्याची समज पाहावी लागते, असे तोच फौजदारी कायदा सांगतो. मग नऊ वर्षांच्या भावाने चादरवाल्यापुढे हरवून जाणे याबद्दल त्यास काय बोलणार? त्याच्याकडे बहिणीची राखण पुरतेपणी गेलीच नव्हती. ती आईकडेच राहिली.

तरीही ७५ वे कलम आईवर लागू होण्यास 'बुद्धिपुरस्सर' हा शब्द आडवा येतो, आणि तो आडवा यावा म्हणूनच घातलेला आहे. नुसती चूक, नुसता विसर, नुसती गर्दीत सुटलेली बोटे म्हणजे बुद्धिपुरस्सर हेळसांड नव्हे. धोका डोळ्यांपुढे आहे, टाळणे हाती आहे, आणि तरीही मनुष्य पर्वा करीत नाही, तेथे तो शब्द लागू पडतो. शिवाय त्या कलमास एक परंतुक जोडलेले आहे. जन्मदात्या आईबापांनी मुलास सोडले ते त्यांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे, असे आढळून आले तर ते बुद्धिपुरस्सर नव्हते असेच धरावे आणि शिक्षेची तरतूद लागू करू नये. गरिबीला गुन्हा ठरवू नये, हे कायदेमंडळाने इतक्या उघडपणे लिहिलेले फार ठिकाणी सापडत नाही. परंतुकाचे शब्द मुलास सोडून देण्यापुरते आहेत हे खरे. तथापि दवाखान्याच्या रांगेतल्या आईकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी काय असावी हे त्यावरून कळते.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. वैशाखातली दुपार. कापडाच्या दुकानासमोर मोटार उभी आहे, काचा वर, कुलूप लावलेले, आणि मागच्या बैठकीवर दोन वर्षांचे मूल झोपलेले. आईबाप आत लग्नाचा बस्ता बांधीत आहेत. मूल झोपले आहे, उठवायचे कशाला, असा त्यांचा हिशेब. बंद मोटारीच्या आत उन्हाची काहिली अर्ध्या तासात किती भयंकर वाढते हे मोटार चालवणाऱ्यास सांगावे लागत नाही, आणि अशा मोटारीत मुले दगावल्याच्या घटना आपल्या देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. तेथे गरिबी नाही, रांग नाही, पर्याय हजर आहे. अशा वेळी न्याय संहितेचे १०६ वे कलम, म्हणजे हयगयीने मृत्यू घडवण्याचे, ज्याची शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत होती आणि आता पाच वर्षांपर्यंत आहे, ते पुढे येऊ शकते. मूल गमावलेल्या आईबापांना आणखी कोर्टात ओढावे काय, हा प्रश्न मनास यातना देणारा आहे. पण कायद्याने बघायचे म्हटले तर बाजारातली ती बाई आणि हे जोडपे यांच्यात बाईचेच पारडे हलके पडते. आमच्या समोर जमलेल्या घोळक्याला मात्र उलट वाटले असते. मोटारीच्या काचेशी त्यांनी बहुधा "कुणाची गाडी आहे हो?" एवढेच विचारले असते.

पुष्कळ श्रोत्यांच्या मनात येईल की कायद्याने एक वय का ठरवून टाकीत नाहीत? म्हणजे अमुक वर्षांखालील मूल एकटे सोडायचे नाही, संपले. काही देशांनी तसे केले आहे. न्यूझीलंडमध्ये चौदा वर्षांखालील मुलास देखरेखीची वाजवी तजवीज न करता सोडून जाणे हा १९८१ च्या एका कायद्यानुसार दंडास पात्र गुन्हा आहे. तेथेही 'वाजवी तजवीज' हा शब्द घालावाच लागला आणि किती वेळ, कशा परिस्थितीत, हे पाहावेच लागते. उलट इंग्लंडचा १९३३ चा मुलांविषयीचा कायदा हेळसांडीस शिक्षा सांगतो, पण एकटे सोडण्याचे वय सांगत नाही. आपला कायदाही सांगत नाही, आणि आमच्या मते तेच बरे आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांत दिवस उजाडण्यापूर्वी आईबाप फडात जातात आणि कोपीत दहा वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते. चौदाचा आकडा कायद्यात आला की हजारो कुटुंबे एका रात्रीत गुन्हेगार ठरतील आणि कोपीतले मूल होते तेथेच राहील. अशा मुलांसाठी गावीच हंगामी वसतिगृहे चालवण्याची जी योजना महाराष्ट्रात आहे, तिने राखणीचा प्रश्न आकड्यापेक्षा अधिक सुटतो. जेथे ती नीट चालते तेथे, हे जोडावे लागेल. १९४८ च्या जुन्या कारखाने कायद्याने तीसांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे, आणि १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे, सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन मालकावर घातले होते. ते कायदे आता नव्या कामगार संहितांत विलीन झाले आहेत आणि पाळणाघराची तरतूद तेथेही आली आहे. परंतु ज्या इमारतीवर बाराच बायका विटा वाहतात तिचे काय? तिथले मूल वाळूच्या ढिगावरच खेळणार.

एका बाबतीत मात्र कायद्याने आईबापांस सरळ दारात गाठले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९ अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना नाही. विशेष म्हणजे येथे पालकाची संमती होती असे न्यायालय आधीच धरून चालते. नव्हती, किंवा आपण अटकाव करण्याची शिकस्त केली, हे पालकाने दाखवायचे. बाजारातल्या बाईच्या बाबतीत सरकारने सिद्ध करायचे, येथे बापाने. हा भेद आम्हांस न्याय्य वाटतो, कारण किल्ली ही रांगेसारखी नाइलाजाने हातून सुटत नाही.

शिक्षेचा विषय येथे सोडतो. खरे सांगायचे तर न्यायालयांत ज्या प्रश्नाचा अधिक कीस पडला तो वेगळाच आहे. राखणीत कसूर झाली, मुलाला इजा झाली, तर भरपाई कोणाकडून? आणि आईबापांची चूक होती म्हणून मुलाचा दावा बुडावा काय? या विषयावर आपल्याकडे छापील कायदा थोडा आणि इंग्लंडातल्या निवाड्यांचा आधार जास्त, म्हणून थोडा वेळ तिकडे जावे लागते.

१८५८ च्या सुमारास तिकडे एका आजीने आपले आणि पाच वर्षांच्या नातवाचे अर्धे तिकीट काढले आणि रूळ ओलांडताना दोघे गाडीखाली सापडली. आजी गेली, नातू जखमी झाला. न्यायालय म्हणाले, चूक आजीचीही होती आणि मूल तिच्या स्वाधीन होते. सबब आजीची चूक ती मुलाची चूक, आणि दावा नामंजूर. म्हणजे पाच वर्षांच्या पोराने आजीचा हात धरला हाच त्याचा अपराध! हे तत्त्व सावकाश ढासळत गेले. १९३३ साली अगदी तसलाच खटला उभा राहिला. या वेळी आजोबा होते आणि गाडीच्या जागी बस. बस अंगावर येतेसे पाहून आजोबांनी नातवाचा हात सोडून स्वतः उडी मारली. आजोबा चुकले, न्यायालय म्हणाले, पण म्हणून बसवाल्याची चूक पुसली जात नाही. मुलाला भरपाई मिळाली. तेव्हापासून राखणदाराची कसूर मुलाच्या माथी मारू नये हे ठरून गेले.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती १९५५ सालच्या एका निवाड्यात फार चांगली मांडली गेली. पाच वर्षांचा मुलगा आणि त्याची सात वर्षांची बहीण रिकाम्या माळावरून चालली होती. घरे बांधण्यासाठी तेथे नऊ फूट खोल चर खणलेला होता. बहीण पलीकडे गेली, भाऊ आत पडला आणि पाय मोडला. (वाचकांस कांद्याच्या पोत्यांशेजारची भावंडे आठवली असतील.) न्यायाधीश डेव्हलिन यांनी जागेच्या मालकास जबाबदार धरले नाही. लहानग्यांच्या सुरक्षिततेचा भार मूलतः आईबापांचा. ज्याच्याजवळ उघडी जमीन आहे त्याच्या गळ्यात तो घालता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. मुलांसाठीच म्हणून राखलेले क्रीडांगण किंवा बाग सुरक्षित असेल असे समजून आईबापांनी मुलांस एकटे धाडले, तर त्यात त्यांची चूक मानता येणार नाही, असेही त्यांनी म्हटले. १९२२ सालच्या एका खटल्याचा हाच आशय आहे. ग्लासगोच्या सार्वजनिक उद्यानात सात वर्षांच्या मुलाने झुडपावरची चकचकीत विषारी फळे खाल्ली आणि तो दगावला. ना कुंपण, ना सूचनेची पाटी. पालिकेला "आईबाप कोठे होते?" असे विचारून हात झटकता आले नाहीत; दावा चाललाच पाहिजे असे ठरले.

या सर्वांत आमच्या मनात घर करून राहिला तो १९५५ चाच आणखी एक निवाडा. वेल्समधल्या एका बालशाळेत बाई दोन मुलांना फिरायला नेण्याच्या तयारीत होत्या. तेवढ्यात दुसरे एक मूल पडून खरचटले म्हणून त्या त्याला पट्टी बांधू लागल्या. दहा मिनिटेही झाली नसतील. चार वर्षांचा एक मुलगा फाटक ढकलून रस्त्यावर गेला. त्याला वाचवण्यासाठी एका मालगाडीच्या चालकाने चाक वळवले, गाडी तारेच्या खांबावर आदळली आणि चालक मरण पावला. मुलाला काहीही झाले नाही. चालकाच्या विधवेने दावा लावला. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाने सांगितले की बाईंची चूक नाही. रडणाऱ्या मुलाकडे धावणे हे कोणतीही आई करील. चूक फाटकाची. चार वर्षांच्या पोराला उघडता येईल असे फाटक हमरस्त्याच्या तोंडाशी ठेवणे ही संस्थेची हयगय, आणि भरपाई संस्थेने द्यावी. माणसाचे लक्ष दहा मिनिटे उडणार, हे गृहीत धरून फाटक बांधायचे असते.

आपल्याकडे हा विचार आला तो उघड्या कूपनलिकांच्या निमित्ताने. बोअर कोरडी गेली की केसिंग काढून घ्यायचे आणि भोक तसेच टाकून द्यायचे, अशी रीत पडली होती, आणि खेळता खेळता मुले आत पडत होती. प्रत्येक वेळी गावचावडीवर पहिला प्रश्न "आई काय करत होती?" हाच. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने आईला प्रश्न न विचारता जमिनीच्या मालकाला आणि बोअर खणणाऱ्याला विचारला. खणण्यापूर्वी पंधरा दिवस अधिकाऱ्यांस कळवा, भोवती कुंपण घाला, पाटी लावा, नळीचे तोंड झाकणाने बंद करा, सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत बुजवा, असे आदेश निघाले. ते पाळले जात नाहीत म्हणून अपघात अजूनही घडतात हे दुःखाने लिहावे लागते. शाळांच्या बाबतीतही तेच. हिमाचल प्रदेशात १९९५ साली एका सहलीत चौदा विद्यार्थी बियास नदीत बुडाले, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी शाळेवर कायम केली. सहलीची चिठ्ठी सही करून देणाऱ्या बापाने नदीकाठी हजर राहावे अशी अपेक्षा कोणी केली नाही.

आणि मोकळे सोडलेल्या मुलाने दुसऱ्याचेच नुकसान केले तर? बापाच्या नात्याने बाप आपोआप देणेकरी होत नाही, त्याची स्वतःची कसूर दाखवावी लागते, असा आपल्याकडचा नियम आहे. जपानचा दिवाणी कायदा पालकांना पुष्कळ कडक. २००४ साली तेथे इमाबारी गावी अकरा वर्षांचा मुलगा शाळेच्या मैदानात गोलवर चेंडू मारीत होता. चेंडू रस्त्यावर गेला, तो चुकवताना मोटारसायकलवरचे पंच्याऐंशी वर्षांचे गृहस्थ पडले आणि पुढच्या वर्षी वारले. खालच्या न्यायालयांनी आईबापांना एक कोटी येनांहून अधिक भरपाई सांगितली. दहा वर्षे लढून २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. शाळेच्या मैदानात गोलकडे चेंडू मारणे हे धोक्याचे कृत्य नव्हे, आणि अशा साध्या खेळातून कल्पनेत न येणारे काही घडले तर आईबापांनी राखण केली नाही असे म्हणता येत नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले.

आता राहिलो आपण, म्हणजे बाजारातला तो घोळका. कायदा आईविषयी जितका सावध बोलतो तितका आपल्याविषयी बोलत नाही; आपल्याला तो स्पष्ट हुकूम देतो. हरवलेले किंवा टाकलेले वाटणारे मूल ज्याला सापडेल आणि जो त्यास ताब्यात घेईल, त्याने चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा मुलांसाठीची मदतवाहिनी यांपैकी कोणास तरी कळवलेच पाहिजे. ही वाहिनी म्हणजे १०९८, जी १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि आता ११२ या क्रमांकाशी जोडलेली आहे. कळवले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही. "आमच्या घरी नेतो" म्हणणाऱ्या भल्या माणसाने हे ऐकून ठेवावे. मूल घरी नेले आणि कोणास सांगितले नाही, तर पालकांच्या ताब्यातून मूल पळवल्याचा संशय त्याच्यावर येण्यास वेळ लागत नाही. २०१३ पासून हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवूनच तपास करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे.

छबी टिपणाऱ्या तरुणाचे प्रकरण याहून नाजूक आहे. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र समितीच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करण्यास याच अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, दंड दोन लाखांपर्यंत. म्हणजे त्या दिवशी बाजारात जर कोणी कायद्याच्या कडेला उभा असेल तर तो आई नव्हे, हा तरुण! मुलगी सापडून तीन महिने झाले तरी तिचे चित्र 'टाकून दिलेली मुलगी' या मथळ्याखाली अजून फिरते आहे. आमच्याकडेच ते दोनदा येऊन गेले.

समितीपुढे मूल नेले म्हणजे ते आईपासून तुटले, अशी एक भीती गोरगरिबांत आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण कागदपत्रांवाचून खेटे घालणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. पण अधिनियमाचा रोख तसा नाही. मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे त्यात प्रारंभीच लिहिलेले आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. निदान एक सदस्य स्त्री असलीच पाहिजे. चौकशी करून मूल आईच्या हाती परत देणे हेच तिचे बहुतेक वेळचे काम.

त्या बाईला "खरंच का हो" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आम्ही ठरवले आणि पुढच्या दोन-तीन शनिवारी कांदेवाल्या म्हातारीकडे चौकशी केली. चौथ्या शनिवारी ती भेटली. आत टाकणार नाही, असे आम्ही तिला सांगितले. तिने मान हलवली आणि मुलीला कोठे बसवत जाऊ तेवढे सांगा, असे विचारले. बाजारात दर दुकानामागे पालिका फी घेते, पण चुकलेल्या मुलांनी बसावे अशी जागा नाही, हाक देण्यास कर्णा नाही. चादरवाल्याजवळ तो आहे. बाजाराच्या नाक्यावर एक पत्र्याची शेड, एक बाक, पाण्याचा माठ आणि शनिवारपुरती एक बाई नेमावी, असा अर्ज आम्ही आणि आणखी अकरा जणांनी पालिकेकडे दिला आहे. त्याची पोच मिळाली आहे. तोवर कांदेवाल्या म्हातारीने आपण होऊन पोत्यांमागे एक गोणपाट अंथरले आहे, आणि गेल्या शनिवारी त्यावर तीन मुले बसलेली होती.